वाचकाला जीभ नसते : स्वयंपाकघरातली पहिली कादंबरी लिहिताना

खाण्यावर कादंबरी लिहायला घेतली की पहिलं पान आपोआप जमतं. पातेल्यावरचं झाकण निघतं, वाफ येते, दरवळ सुटतो, कुणाला तरी आजी आठवते. पाचव्या पानापर्यंत सगळेच पदार्थ ‘अप्रतिम’ झालेले असतात आणि विसाव्या पानाला विशेषणांचा डबा रिकामा. माझं पहिलं बाड अठ्ठेचाळिसाव्या पानावर अडकलं. नायिका अकरा वर्षांची, हाताला विलक्षण चव, आणि तिच्या हातचा पहिला घास तोंडात गेला की माणसं डोळे मिटायची. नंतर एकदा मोजलं, तर अठ्ठेचाळीस पानांत सतरा जणांनी डोळे मिटले होते.

त्या बाडानं मला एक गोष्ट शिकवली. वाचकाला जीभ नसते. गायकावरच्या कादंबरीतलं गाणंही ऐकू येत नाही म्हणा, पण निदान गाण्याचे शब्द छापता येतात. सूप छापता येत नाही. ‘ही मुलगी विलक्षण रांधते’ हे वाचकाला चवीच्या वर्णनातून कधीच पटणार नाही. ते पटतं तिनं घेतलेल्या एखाद्या निर्णयातून, आणि त्या निर्णयानं घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी काय झालं त्यातून. पुढच्या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत. सोयीसाठी आपल्या नायिकेला रेवा म्हणू.

पहिली पायरी : देणगी नेमकी कोणती?

‘हाताला चव आहे’ हे घरात बोलायला ठीक, कादंबरीला पुरत नाही. रेवाला नेमकं काय येतं जे इतरांना येत नाही, ते एका वाक्यात लिहा. अट एकच, त्या वाक्यात ‘चव’ हा शब्द नको. वाक्य जमेपर्यंत पहिलं प्रकरण सुरू करू नका.

त्यासाठी थोडं शरीरशास्त्र माहीत असलेलं बरं. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो. नाक चिमटीत धरून फळाच्या स्वादाची एखादी गोळी चघळून बघा. गोड आणि आंबट एवढंच कळेल. चिमूट सोडली की लगेच ‘संत्रं!’ असं लक्षात येतं, कारण चावताना सुटलेला वास घशामागून नाकात चढतो. जिभेला स्वतःहून कळतात त्या मूळ चवी मोजक्याच: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. ही पाचवी किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं 1908 मध्ये वेगळी ओळखली. पिकलेला टोमॅटो, सुकवलेले मशरूम, मुरलेलं चीज यांत ती भरपूर असते. तिखट या हिशेबात चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. हे त्या मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीमुळे (रिसेप्टरमुळे) घडतं तो 1997 मध्ये सापडला, आणि डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो याच कामासाठी. मराठीत तिखट ‘झोंबतं’. भाषेला हे आधीच ठाऊक होतं.

जिभेच्या शेंड्याला गोड कळतं आणि मुळाशी कडू, हा शाळेच्या पुस्तकातला नकाशा मात्र विसरा. 1901 च्या एका जर्मन शोधनिबंधाचा अर्थ पुढच्यांनी चुकीचा लावला आणि तो नकाशा जगभर पसरला. जिभेवर जिथं जिथं रुचिकलिका आहेत, तिथं सगळ्या चवी कळतात. ‘कडवटपणा तिच्या जिभेच्या मुळाशी उतरला’ असं वाक्य दिसलं की जाणकार वाचक तिथंच हसतो.

आता एक गोष्ट, जी मला कुटुंबाच्या कादंबरीसाठी सोन्यासारखी वाटते. आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची भुकटी हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याचं तोंड कडू झालं, फॉक्स यांना काहीच जाणवलं नाही. 1931 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. काहींना ती भुकटी जहर कडू लागते, काहींना खडूसारखी, आणि हा फरक बहुतांशी जन्मजात असतो. घरात याचा अर्थ काय? एकाच टेबलाशी बसलेल्या दोन भावंडांपैकी एकाला पालेभाजी कडू लागते, दुसऱ्याला लागत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. एकाला ‘नाटकं करू नकोस’ म्हणून ओरडा बसतो. तीस वर्षांनी ते दोघं पुन्हा एका टेबलाशी बसले की तो ओरडा तिथंच असतो.

पण लक्षात घ्या, जीभ फार तीक्ष्ण असणं ही रांधण्याची देणगी नव्हे. अशी मुलं पुष्कळदा खाण्यापिण्यात चोखंदळ, अगदी छळवादी निघतात. तीक्ष्ण नाक दिसायला मोहक, पण कादंबरीला निरुपयोगी; नायिका वास ओळखत बसते आणि गोष्ट जागची हलत नाही. माझी पसंती दोन देणग्यांना. एक, ‘कधी थांबायचं हे तिला कळतं.’ दुसरी, ‘समोरच्याला आज काय खावंसं वाटतंय हे त्याच्याआधी तिला कळतं.’ दुसरी जास्त धोक्याची, म्हणून जास्त कामाची. सगळ्यांना काय हवं ते ओळखणाऱ्या मुलीला स्वतःला काय हवं ते कधी कळतं? हा प्रश्न मनात येऊन तुम्ही थोडे अस्वस्थ झालात, तर कादंबरी निघाली म्हणून समजा.

दुसरी पायरी : घराचा तक्ता

पात्रांचे स्वभाव, आवडीनिवडी, केसांचा रंग वगैरे राहू द्या. एका कागदावर एवढंच लिहा: या घरात रांधतं कोण? वाढतं कोण? सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? सामानाचा खर्च कोण ठरवतं? नावं कोण ठेवतं? जेवताना कोण कुणाशी बोलत नाही? समोर नावं लिहा. एखाद्या घरात सहाही प्रश्नांना एकच नाव येतं. ते घर आधी लिहा.

मग सातवा प्रश्न: रेवा रांधायला लागल्यामुळे यातली कुणाची जागा जाते?

नवखे लेखक इथं हमखास घसरतात. देणगी म्हणजे घरादाराला आनंद, असं ते धरून चालतात. पण स्वयंपाकघराला मालक असतो, बहुतेकदा मालकीण. तीस वर्षं तिनं ते राज्य सांभाळलेलं असतं, आणि त्या राज्यात तिला मिळालेली एकमेव पदवी ‘हिच्यासारखं सूप कुणाला जमत नाही’ ही असते. अकरा वर्षांची पोर ते सूप जरा जास्त चांगलं करते. टेबलाशी बसलेले सगळे खूश. एक जण सोडून. तुमची कादंबरी त्या एका जणाजवळ उभी आहे.

खऱ्या आयुष्यांकडे पाहिलं तरी देणगीमागे घरच असतं, आणि ते नेहमी प्रेमळ असतं असं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपच्या राजवाड्यांत स्वयंपाकी म्हणून नाव कमावलेल्या मरी-आंत्वान कारेमला गरीब बापानं फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत लहानपणीच पॅरिसच्या रस्त्यावर सोडून दिलं होतं. पोट भरायला तो एका खाणावळीत शिरला आणि तिथं राबला. ऑग्युस्त एस्कॉफिए (1846–1935), ज्यानं मोठ्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यात कोणी कोणतं काम करायचं याची शिस्त लावली, त्याला व्हायचं होतं शिल्पकार. घरच्यांनी तेराव्या वर्षी नीस शहरात काकाच्या रेस्टॉरंटात कामाला लावलं. दोघांच्याही सुरुवातीला ‘मला स्वयंपाकाची आवड होती’ हे वाक्य नाही. रेवाच्याही असायला हवंच असं नाही.

तिसरी पायरी : चाचणीचा प्रसंग

कादंबरी सुरू करण्याआधी एक प्रसंग लिहून बघा. रेवाची देणगी घरात पहिल्यांदा दिसते तो. माझ्या जुन्या बाडात तो असा होता:

‘रेवानं केलेलं सूप अप्रतिम झालं होतं. पहिला घोट घेताच सगळे थक्क झाले. आत्यानं डोळे मिटले. एवढ्याशा पोरीच्या हाताला ही चव आली कुठून?’

यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि एकही वाक्य वाचकाला काही देत नाही. तोच प्रसंग पुन्हा लिहिला तेव्हा असा झाला:

‘रेवा शाळेतून आली ती दारातच थांबली.
“खाली लागलंय.”
“काही लागलेलं नाही,” आत्या म्हणाली. “तासभर इथंच उभी आहे मी.”
रेवानं दप्तर टाकलं, गॅस बंद केला आणि आत्याच्या हातातला डाव धरला. “ढवळू नकोस.”
तिनं दुसरं पातेलं घेतलं आणि वरचं सूप हळूहळू त्यात ओतलं. तळाशी चार बोटं राहिलं तेव्हा थांबली. ते चार बोटं तिनं मोरीत ओतून टाकलं. पातेल्याच्या बुडाला नखाएवढा काळा डाग होता.
आत्या डागाकडे बघत राहिली. मग तिनं पातेलं नळाखाली धरलं आणि घासायला घेतलं. डाग गेला तरी ती घासत होती.’

सूप कसं लागलं हे या प्रसंगात कुठंच नाही. कुणी ते चाखलंही नाही.

त्यात एक बारीक गंमत आहे, तीही सांगते. वास सतत येत राहिला की नाक काही मिनिटांतच त्याला सरावतं. आत्या तासभर पातेल्याशी उभी होती, म्हणूनच तिला करपट वास आला नाही. बाहेरून आलेल्या कुणालाही तो आला असता, दूधवाल्यालाही. म्हणजे वास येणं ही रेवाची देणगी नाहीच. तिची देणगी ‘ढवळू नकोस’ या दोन शब्दांत आहे, कारण लागलेलं ढवळलं की करपट वास सगळ्या पातेल्यात जातो. आणि ते चार बोटं सूप टाकून देण्यात आहे. मोठी माणसं सहसा ते टाकत नाहीत, त्यांना वाया गेलेलं दिसतं.

असा प्रसंग जमला नाही तर पहिल्या पायरीवर परत जा. वाक्य चुकलं आहे.

चौथी पायरी : पदार्थ म्हणजे घड्याळ

स्वयंपाकघरातल्या प्रसंगांची सगळ्यांत मोठी सोय अशी की तिथं वेळ दिसतो. संवाद कुठं संपवावा कळत नसेल तर गॅसवर काय आहे ते बघा. नवख्यांच्या हस्तलिखितात मात्र पाच ओळींच्या बोलण्यात कांदा ‘छान तपकिरी’ होतो. होत नाही. मंद आचेवर कांदा नीट तपकिरी व्हायला चाळीस मिनिटं सहज लागतात, कधी जास्तच. ज्यानं कधी तो परतला आहे तो वाचक तुमच्यावरचा विश्वास त्या ओळीला काढून घेतो.

कारण समजून घेतलं तर फायदाच होतो. भाजल्यावर येणारा तो खमंग वास आणि रंग ज्या रासायनिक प्रक्रियेतून येतो तिचं वर्णन लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 मध्ये केलं. ती जोर धरते साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे. पाणी उकळतं 100 अंशांना. कांद्यात पाणीच पाणी, तेव्हा ते उडून जाईपर्यंत तापमान वर चढत नाही. म्हणून पहिला बराच वेळ काहीच घडत नाही असं वाटतं. कांदा नुसता मऊ पडतो, काचेसारखा दिसू लागतो. मग रंग यायला लागतो, आणि शेवटच्या काही मिनिटांत सोनेरीचा काळा व्हायला नजर वळवणं पुरेसं असतं.

घरातली भांडणं अशीच चालतात. अर्धा तास नुसती ऊब, मग दोन मिनिटांत सगळं करपतं. मायलेकींचं जुनं भांडण लिहायचं असेल तर त्यांच्या मध्ये कांद्याची कढई ठेवा आणि कढईकडे अधूनमधून लक्ष द्या. कुणी हात थांबवला, कुणी आच मोठी केली, कुणी न बोलता डाव हातात घेतला, एवढं लिहिलं तरी ‘ती चिडून म्हणाली’ लिहावं लागणार नाही.

प्रत्येक प्रसंगाला कांदा लागत नाही. उकळत्या पाण्यात अंडं घट्ट व्हायला नऊ-दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात एखादी बातमी सांगून होते. यीस्ट घातलेली ब्रेडची कणीक फुगायला उबदार जागी तास-दीड तास, थंडीत रात्रभर. अबोल्यासाठी याहून चांगलं घड्याळ मला माहीत नाही. झाकलेल्या भांड्यात काहीतरी गुपचूप वाढत असतं आणि सगळे झोपेचं सोंग घेऊन पडलेले असतात.

पाचवी पायरी : शब्दांचा डबा

एक वही घ्या आणि पहिल्या पानावर हद्दपारीची यादी लिहा: अप्रतिम, लाजवाब, स्वर्गीय, तोंडाला पाणी सुटलं, जिभेवर विरघळलं, बोटं चाखत राहिले. डोळे मिटणंही त्यातच.

मग मराठीकडे काय काय आहे ते बघा. श्रीमंत व्हाल. बिघडलेल्या अन्नासाठीच आपल्याकडे केवढे शब्द आहेत. तेल-तूप, सुकामेवा जुना झाला की खवट. दूध-भात रात्रभर राहिला की आंबूस. बंद डब्याला कुबट वास. पाणी किंचित खारट, बेचव लागलं तर मचूळ. मीठ नाही ते अळणी, काहीच नाही ते मिळमिळीत, पाणी जास्त झालं ते पाणचट. कुरकुरीत असायला हवं ते सर्दावलं की वातड. पाणी जास्त झालेला भात आसट, त्याच्याही पुढे गेला की गिचका. लागणं, करपणं, जळणं या तीन शब्दांत तीन वेगवेगळ्या दुर्घटना आहेत. पहिली सावरता येते, दुसरी लपवता येते, तिसरीला नवं पातेलं लागतं.

आवाजांचाही डबा भरा. चर्र, तडतड, खदखद, रटरट, फसफस, खळखळ. हे शब्द नुसते सजावटीला नसतात, ते स्वयंपाक कुठवर आला ते सांगतात. ओलं काही तापलेल्या तेलात पडलं की आवाज मोठा असतो. पाणी उडत जाईल तसा तो बारीक होतो. अनुभवी स्वयंपाकी पाठमोरा उभा राहून हे ओळखतो. रेवाची देणगी कानात आहे असं ठरवलंत तर कादंबरी एकदम वेगळी होईल. मी अजून कुणाला असं करताना पाहिलेलं नाही, तेव्हा जागा मोकळी आहे.

एका पदार्थाला एकच नेमका शब्द द्या. ‘खमंग, खरपूस, कुरकुरीत’ असा तिघांचा जथा आला की एकही लक्षात राहत नाही.

आणि एक मोह टाळा. मराठीत खाण्याचे निम्मे शब्द माणसांनाही लागतात: मुरलेला माणूस, तिखट जीभ, अळणी गप्पा, आंबट चेहरा, शिजत असलेला कट. स्वयंपाकघरातल्या कादंबरीत हे श्लेष हात जोडून रांगेत उभे राहतात. अख्ख्या पुस्तकात दोन पुरेत. पात्रांच्या तोंडी आले तर चालतील, कारण घरात माणसं असं बोलतातच.

सहावी पायरी : सांगायचं कुणी?

रेवाच्या मनात बसून लिहिणं सोपं वाटतं आणि तेच अवघड असतं. ज्याला एखादी गोष्ट सहज येते त्याला ती कशी येते हे सांगता येत नाही. तिच्या मनातून लिहिलेली पानं एक तर गूढ होतात, नाही तर पाककृतीच्या पुस्तकासारखी.

माझा कल तिच्याभोवतीच्या माणसांकडे आहे. प्रत्येक प्रकरण वेगळ्या माणसाचं, आणि त्यानं रेवाच्या हातचं कधीतरी खाल्लेलं: आत्या, वर्गमैत्रीण, पहिली नोकरी देणारा मालक, घर सोडून गेलेली आई, तिच्यासोबत भांडी घासणारा मुलगा. प्रत्येकाच्या डोक्यातली रेवा वेगळी. एखाद्या प्रकरणात ती दाराआडून एक ताट सरकवून जाते, एवढीच. अशी रचना केलीत तर एक काळजी घ्या: प्रत्येक निवेदकाला स्वतःचं दुखणं हवं, जे रेवा आली नसती तरी असतं. नाही तर सगळे तिचे भाट होतात.

वासाच्या आठवणी वाटून देताना आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. वासानं जाग्या होणाऱ्या आठवणी शब्दांनी किंवा चित्रांनी जाग्या होणाऱ्या आठवणींपेक्षा जुन्या असतात, बऱ्याचदा आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतल्या, असं संशोधकांना आढळलं आहे. म्हणजे थोरल्या बहिणीला ज्या वासानं जुनं घर आठवतं, त्याच वासानं दहा वर्षांनी धाकट्या भावाला नवं घर आठवेल. एकाच कुटुंबात वाढूनही त्यांचं बालपण एक नसतं. ही गोष्ट समजावून सांगू नका, दोघांना एका दारातून आत येऊ द्या.

सातवी पायरी : तिला चुकू द्या

रेवानं निदान तीनदा सपशेल चुकायला हवं, आणि ती चूक तिच्या देणगीतूनच यायला हवी. कधी थांबायचं हे जिला कळतं ती दुसऱ्यांना वेळ देत नाही. सगळ्यांना काय हवंय हे जिला कळतं ती कुणाला विचारत नाही. आजारी बापाला आवडतं तेच ती करून नेते, आणि त्याला त्या दिवशी नुसतं बसून बोलायला कुणीतरी हवं असतं.

तिचं नाक किंवा जीभ अचानक निकामी करून टाकण्याचा मोह होईल. आजारपणात वास जाणं आता सगळ्यांना माहीत झालं आहे, त्यामुळे तो धक्का धक्का राहिलेला नाही. शिवाय ही दैवाची चूक झाली, तिची नव्हे.

कादंबरीत पाककृती द्याव्यात का? दिल्या तर त्या कुणीतरी कुणाला तरी लिहिलेल्या असाव्यात. आईनं मागे ठेवलेल्या कागदावर मिठाचं प्रमाण खोडलेलं आहे, एवढ्या एका खाडाखोडीत एक प्रकरण असतं. नुसतं साहित्य आणि कृती छापली की वाचक पान उलटतो. मीही उलटते.

आठवी पायरी : वय जपा

अकरा वर्षांच्या मुलीला दहा लिटरचं भरलेलं पातेलं उतरवता येत नाही. ओट्याशी तिला स्टूल लागतं, आणि स्टुलावरची मुलगी स्वयंपाकघरात सगळ्यांच्या वाटेत असते. एस्कॉफिएबद्दल सांगतात की तो बुटका होता आणि भट्टीची धग तोंडावर येऊ नये म्हणून उंच टाचांचे बूट घालायचा. असा एक तपशील दहा विशेषणांवर भारी पडतो. तेव्हा रेवाच्या वयाचा तक्ता करा: कोणत्या वर्षी हात कुठवर पोचतो, सुरी कधी मिळाली, पहिला चटका कुठं बसला. चटक्याचा वण पुढे कुठल्याही प्रकरणात उपयोगी येतो.

नववी पायरी : आधी करा, मग लिहा

जो पदार्थ प्रसंगात आहे तो एकदा तरी स्वतः करा. चांगला व्हायलाच हवा असं नाही, बिघडला तर उलट जास्त मिळतं. शेजारी वही ठेवा आणि चव सोडून सगळं टिपा: कुठल्या मिनिटाला आवाज बदलला, चष्म्यावर वाफ कधी आली, कंटाळा कधी आला, घरातलं कोण स्वयंपाकघरात डोकावून काय म्हणालं. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं.

पहिला खर्डा मोठा नको. पन्नास-साठ हजार शब्द भरपूर झाले. रोज पाचशे शब्द लिहिले तर साठ हजारांना एकशेवीस दिवस लागतात. उपाशीपोटी लिहू नका, वर्णनं लांबतात.

दहावी पायरी : दोन वाचक

खर्डा दोघांना द्या. एक जण रोज रांधणारा हवा आणि एक जण अंडंही न उकडणारा. पहिल्याला सांगा, जिथं ‘असं होत नाही’ वाटलं तिथं फुली मार. तो वेळेच्या, आचेच्या, प्रमाणाच्या चुका काढील. त्या निमूटपणे दुरुस्त करा.

दुसऱ्याला खाण्याबद्दल काहीच विचारू नका. भूक लागली का, असं तर मुळीच नको. एवढंच विचारा की रेवा चांगली रांधते हे तुला कुठल्या पानावर पटलं. त्यानं सांगितलेलं पान उघडा आणि त्यावर कोण काय खातंय ते बघा. कुणी काही खात असेल, तर तेवढी ओळ काढून ते पान त्याला पुन्हा वाचायला द्या. पटणं तसंच राहिलं, तर ती ओळ परत घालू नका.